धुराचा हिशेब : एका न लिहिलेल्या खर्चाचा इतिहास

आज आपण मुलांच्या दम्याबद्दल बोलणार आहोत, पण वैद्यकाच्या अंगाने नाही. औषधोपचार डॉक्टरांनी सांगावेत. माझा प्रश्न हिशेबाचा आहे. रस्त्यावरच्या वाहनांच्या धुराने एखाद्या मुलाची छाती भरू लागली, तर त्याचा खर्च कुणाच्या वहीत लिहिला जातो? आणि जो खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही, तो झालाच नाही असं म्हणायचं का? या प्रश्नाला शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. तो आधी पाहू, मग परभणीत येऊ.

सुरुवात मुंबईपासून. गिरण्यांच्या धुराड्यांचा त्रास वाढला तेव्हा १९१२ साली मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाचा कायदा झाला. बंगालमध्ये तसाच कायदा १९०५ सालीच आला होता. शब्द लक्षात घ्या : उपद्रव. म्हणजे धूर हा शेजाऱ्याला होणारा त्रास, नको असलेली गोष्ट. त्या त्रासाला पैशात मोजायचं, ही कल्पना ठळकपणे मांडली केंब्रिजच्या आर्थर पिगू यांनी, १९२० साली. कल्याणाच्या अर्थशास्त्रावरच्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी दाखवलं की कारखानदार कोळशाचे पैसे देतो, मजुराचे देतो, पण धुराने गावाचं जे नुकसान होतं त्याचे पैसे देत नाही. इमारती खराब होतात, भाजीपाला खराब होतो, कपडे जास्त वेळा धुवावे लागतात, दिवसा दिवे लावावे लागतात. हा खर्च खराच असतो, फक्त तो करणारा एक आणि भरणारा दुसरा. आज अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात तो हाच. पिगूंच्या यादीत धुलाई होती, दिवाबत्ती होती. मुलाच्या छातीसाठी मात्र वेगळा रकाना नव्हता.

तो रकाना उघडायला माणसं मरावी लागली. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुराचं धुकं बसलं. तेव्हाच्या अंदाजाने सुमारे ४ हजार माणसं दगावली. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा १२ हजारांपर्यंत नेला. १९५६ साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. पण तो धूर मुख्यतः कोळशाचा होता, चुलींचा आणि धुराड्यांचा. धुराडं उंच असतं, ते लांबून दिसतं, त्याच्या मालकाचं नाव माहीत असतं. मोटारीचा धूर तसा नसतो. त्याला हजारो मालक असतात आणि तो जमिनीपासून फूट-दीड फुटावर, म्हणजे मोठ्यांच्या नाकापेक्षा शाळकरी पोराच्या नाकाच्या जास्त जवळ सुटतो.

आता आपल्या भागात येऊ. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबाद-मनमाड रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर झाली आणि १९३२ साली निजामाच्या रेल्वेखात्याने २७ बसगाड्यांवर रस्ता वाहतूक सुरू केली. १९६१ साली मराठवाड्याची बससेवा महाराष्ट्राच्या एसटीत आली. बस आली म्हणजे शाळा आली, दवाखाना जवळ आला, बाजारपेठ जवळ आली. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण रस्त्याला शत्रू ठरवणारं हे व्याख्यान नाही. रस्त्याने आपल्याला जे दिलं ते जमेच्या बाजूला लिहिलंच पाहिजे. तक्रार एवढीच की नावेची बाजू कोरी ठेवली गेली.

आणि ती कोरी ठेवताना गावागावांत फरकही केला गेला. पाहा. शिसं नसलेलं पेट्रोल देशाच्या महानगरांत १९९५ साली आलं. सगळ्या देशातून शिसं हटलं २००० साली. भारत स्टेज चार हे वाहनांचं आणि इंधनाचं मानक १३ शहरांना एप्रिल २०१० मध्ये लागू झालं. त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर होतं. ते संपूर्ण देशाला लागू झालं एप्रिल २०१७ मध्ये. म्हणजे २०१० साली पुण्यात जन्मलेलं मूल आणि परभणीत जन्मलेलं मूल, दोघं सात वर्षांचे होईपर्यंत कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या हवांचे हक्कदार होते. पुढचं मानक, भारत स्टेज सहा, दिल्लीला २०१८ साली इंधनापुरतं आणि उरलेल्या देशाला एप्रिल २०२० मध्ये मिळालं. दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर नेण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १९९८ चा. मुंबईत धुराने त्रासलेल्या रहिवाशांनी १९९९ साली उच्च न्यायालयात दाद मागितली, त्यातून जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे जावं लागलं. ही चांगलीच कामं झाली. पण महानगरात नकोशी झालेली गाडी दर वेळी मोडीत निघते असं नाही. ती विकली जाते, आणि लहान गावात काळी-पिवळी किंवा टमटम म्हणून तिचं दुसरं आयुष्य सुरू होतं.

आता कार्यकारणाचा प्रश्न. कुणीही विचारेल की दमा काय फक्त वाहनांनी होतो? नाही. आनुवंशिकता असते, घरातल्या चुलीचा धूर असतो, मळणीची धूळ असते, विषाणूंचे संसर्ग असतात. आपल्या न्यायशास्त्राने कारणांचे प्रकार केले ते अशाच प्रश्नासाठी. एकच कारण शोधायचा हट्ट धरला की प्रत्येक कारण दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटतं. खरा प्रश्न असा की हे सहकारी कारण काढून घेतलं असतं तर किती मुलं वाचली असती?

त्याचं उत्तर आता बऱ्यापैकी मिळालं आहे. वाहनांच्या धुरात नायट्रोजन डायऑक्साइड असतो, अतिसूक्ष्म कण असतात, डिझेलची काजळी असते. त्याने श्वासनलिकांना सूज येते. मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं आणि त्याची फुप्फुसं अजून वाढत असतात, म्हणून इजा खोल जाते. २०१९ साली ‘लॅन्सेट’च्या एका नियतकालिकात जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी अंदाज मांडला : जगात दर वर्षी मुलांच्या दम्याच्या सुमारे ४० लाख नव्या केसेस वाहतुकीच्या या प्रदूषणाशी जोडता येतात, त्यांतल्या साडेतीन लाख भारतातल्या. आणि त्यांतल्या ९२ टक्के अशा ठिकाणच्या, जिथली हवा जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या वेळच्या मर्यादेत होती! पुढे २०२१ साली संघटनेने या वायूची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमवरून १० वर आणली. आपल्या देशाची मर्यादा ४० च आहे. मर्यादेत असणं आणि निरुपद्रवी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उलट बाजूचा दाखलाही आहे. १९९६ साली अटलांटात ऑलिंपिक भरलं तेव्हा शहरातली सकाळची वाहतूक २२ टक्क्यांहून जास्त घटवली होती. त्या १७ दिवसांत गरिबांच्या सरकारी विमा योजनेतल्या मुलांच्या दम्याच्या तातडीच्या केसेस सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झाल्या. आणि लंडनमध्ये एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ साली दम्याने गेली. तिचं घर वर्दळीच्या मोठ्या रस्त्याजवळ होतं. तीन वर्षांत ती तीसएक वेळा रुग्णालयात दाखल झाली होती. तिची आई लढत राहिली आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने निकाल दिला की हवेचं प्रदूषण हे या मृत्यूचं एक कारण होतं. ‘एक कारण’ हे शब्द कागदावर यायला सात वर्षं लागली.

आता हिशेब. अमेरिकेत सिल्विया ब्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच आणि रिव्हरसाइड या दोन गावांचा हिशेब मांडला. दम्याच्या एका मुलामागे वर्षाला जवळपास ४ हजार डॉलर खर्च, तिथल्या मध्यम घराच्या उत्पन्नाच्या ७ टक्के. दोन्ही गावांत मिळून वाहतुकीच्या प्रदूषणामुळे होणारा दम्याचा खर्च वर्षाला १ कोटी ८० लाख डॉलर. आणि एका मुलाच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा औषधांचा नव्हता, डॉक्टरांचाही नव्हता. तो होता शाळा बुडण्याचा, कारण मूल घरी राहिलं की कुणालातरी काम सोडून त्याच्याजवळ बसावं लागतं.

हेच परभणीत मांडून पाहू. पुढचे आकडे मी समजण्यासाठी धरतो आहे, ही पाहणी नव्हे. वसमत रोडच्या कडेच्या वस्तीत एक मजूर बाई. कापूस वेचणी, खुरपणी, मिळेल ते काम. ३०० रुपये रोज, वर्षात १८० दिवस काम, म्हणजे कमाई ५४ हजार. पोराला धाप लागली की दवाखान्यात वाफ द्यायचे आणि तपासणीचे ३००, औषधांचे ४००, येण्याजाण्याचे १००, आणि दोन दिवसांचे खाडे, ६०० रुपये. झाले १४००. वर्षात आठ वेळा असं झालं तर ११,२००. आईच्या कमाईचा पाचवा हिस्सा! मृग लागला की हैदराबादला बत्तिनी कुटुंबाकडे मासोळीचं औषध घ्यायला आपल्याकडचेही लोक जातात. त्या औषधाला शास्त्रीय पुरावा नाही, पण गाडीभाडं मात्र खरं असतं. आणि पंपाची सवय लागेल या भीतीने, शिवाय महिन्याच्या महिन्याला पैसे लागतात म्हणून, रोज घ्यायचा पंप बंद होतो आणि झटका आला की पुन्हा दवाखाना. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्के इथले आहेत, असा अंदाज आहे. उपचार मधेच सुटणं हे त्याचं एक मोठं कारण.

छांदोग्य उपनिषदात इंद्रियांच्या भांडणाची गोष्ट आहे. श्रेष्ठ कोण यावरून वाणी, डोळे, कान, मन एकेक वर्ष शरीर सोडून जातात. शरीर कसंबसं चालतं. प्राण निघू लागतो तेव्हा मात्र सगळीच मुळासकट उपटली जाऊ लागतात. घराचं असंच होतं. पोराचा श्वास अडला की आईचा रोज, मोठ्या बहिणीची शाळा, सावकाराचा हप्ता, सगळं एकदम हलतं.

इथे एक सापळा आहे, आणि माझ्या मते तो या विषयाचा गाभा आहे. ११,२०० रुपये म्हणजे डॉलर ८५ रुपयांचा धरला तर १३२ डॉलर. कॅलिफोर्नियातल्या मुलाच्या खर्चाचा तिसावा भाग. म्हणजे परभणीचं पोर तिसाव्या भागाने कमी धापतं का? आईची मजुरी कमी, म्हणून तिचा खाडा स्वस्त. खाडा स्वस्त, म्हणून पोराचा दमा स्वस्त. डिसेंबर १९९१ मध्ये जागतिक बँकेत एक अंतर्गत टिपण लिहिलं गेलं आणि नंतर ते फुटलं. मजुरी जिथे कमी तिथे आजारपणाचं नुकसान कमी, तेव्हा घाण उद्योग तिकडे हलवणं हिशेबाला धरून आहे, असा त्याचा सूर होता. ते उपरोधाने लिहिलं होतं असं नंतर सांगण्यात आलं. असेलही. पण उपरोध म्हणून जे लिहिलं, ते नुसतं गणित म्हणून चुकीचं नव्हतं, ही खरी अडचण आहे. भारतात २०१९ साली हवेच्या प्रदूषणाने झालेलं नुकसान राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.३६ टक्के असल्याचा अंदाज आहे. तो बुडालेल्या उत्पादनावरून काढलेला आहे. जे मूल आज काहीच कमवत नाही, त्याचं रात्रभर उठून बसणं अशा हिशेबात कुठे धरणार?

कांटने १७८५ साली किंमत आणि प्रतिष्ठा यांत फरक केला. ज्याच्या बदली दुसरं काही ठेवता येतं त्याला किंमत असते. ज्याच्या बदली काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. यावरून काही जण म्हणतील, मग श्वासाचा हिशेब मांडूच नका. मला ते पटत नाही. हिशेब मांडला नाही तर तो शून्य धरला जातो, आणि शून्य ही सर्वांत अन्याय्य किंमत आहे. रस्त्याच्या प्रकल्पाचा आर्थिक अहवाल होतो तेव्हा गाडीचं वाचलेलं इंधन आणि प्रवाशाची वाचलेली मिनिटं रुपयांत मोजून फायद्याच्या बाजूला लिहितात. गाडीवाल्याची मिनिटं मोजायची आणि मुलाचे शाळेचे दिवस मोजायचे नाहीत, याला तटस्थपणा म्हणत नाहीत. म्हणून हिशेब मांडायचा, पण तो निर्णयाचा मालक नाही, साक्षीदार आहे, हे विसरायचं नाही.

करायचं काय? केंद्राच्या २०१९ च्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत मराठवाड्यातून तेव्हाचं औरंगाबाद, जालना, लातूर आहेत, परभणी नाही. यादीत नाव नाही म्हणजे धूर नाही असं नव्हे. गाळपाच्या हंगामात गंगाखेड रोडला उसाचे ट्रॅक्टर लागतात, हिवाळ्याच्या सकाळी धूर खालीच बसतो, आणि त्याच वेळी शाळा भरतात. यादीची वाट न पाहता एक गोष्ट होऊ शकते. शाळेच्या हजेरीपटात गैरहजेरीबरोबर कारण लिहायचं : ताप, धाप, लग्न, वेचणी. चार ओळींचं काम. रस्त्याकडेच्या शाळा आणि आतल्या शाळा यांचे पट दोन-तीन वर्षांनी शेजारी ठेवायचे, त्यांना दवाखान्याच्या नोंदी जोडायच्या. मग जड वाहनांना शाळेच्या वेळी बंदी मागताना किंवा वळणरस्ता मागताना आपल्या हातात तक्रार नसेल, वही असेल.

१९१२ च्या कायद्याने धुराला उपद्रव म्हटलं, पिगूंनी त्याला खर्च म्हटलं, लंडनच्या त्या निकालाने त्याला कारण म्हटलं. तीन शब्दांच्या या प्रवासाला शंभर वर्षांहून जास्त काळ लागला. परभणीच्या हजेरीपटात ‘धाप’ हा दोन अक्षरी शब्द लिहायला तेवढा काळ लागू नये. इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.