वर्धेच्या पात्रातली सरहद्द

मुंबईहून नागपूरला निघालेली गाडी धामणगाव सोडते आणि पुलगावच्या आधी वर्धेच्या पुलावर खडखडते. उन्हाळ्यात खाली पाण्यापेक्षा वाळू आणि खडकच जास्त दिसतात. खिडकीतल्या माणसाला जिल्हा बदलल्याचं कळतही नाही. एके काळी इथे राज्य बदलत होतं.

ही वेस नदीच्या नशिबी मुळातली नव्हती. अकबराच्या काळात नदीच्या पूर्वेचं पवनार हे वऱ्हाड सुभ्याचंच एक सरकार होतं. पुढे अठराव्या शतकात वऱ्हाडात दुअंमली आली. मुलूख नावाने निजामाचा, पण चौथाई, सरदेशमुखी आणि घासदाणा नागपूरकर भोसल्यांचा. कुणब्याच्या एकाच खळ्यावर दोन सरकारं हात पसरून उभी.

१८०३ साली नदीवर रेघ पडली. २९ नोव्हेंबरला अडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. भोसल्यांच्या वतीने वकील यशवंतराव रामचंद्र, कंपनीच्या वतीने आर्थर वेलस्ली. कटक गेलं, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूखही गेला आणि तो निजामाच्या पदरात पडला. हद्द ठरली ती डोंगरातून वर्धा निघते तिथून गोदावरीच्या संगमापर्यंत. खरं तर वर्धा आपल्या नावाने गोदावरीला पोचतच नाही. वाटेत वैनगंगा भेटते आणि पुढे वाहते ती प्राणहिता.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं, पुढच्या वर्षी नागपूरचं राज्य खालसा झालं. दोन्ही काठांवर अंमल इंग्रजांचा, पण कागदोपत्री पश्चिम काठाचा धनी निजामच! नागपुरातून तोडून १८६२ साली केलेला वर्धा जिल्हा मात्र ब्रिटिश हिंदुस्थानात. १९३६ साली गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. त्याच साली हैदराबादच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला.

या सगळ्यात कौंडण्यपूरचं काय झालं, हे विचारायलाच हवं. रुक्मिणीचं हे माहेर पश्चिम काठावर. देवगावच्या तहाने ते निजामाच्या हद्दीत गेलं आणि समोरचा आर्वीचा मुलूख भोसल्यांकडे राहिला. आज ते अमरावती जिल्ह्यात आहे. कार्तिकात यात्रा भरते, तेव्हा आर्वीकडची माणसं नदी ओलांडून दहीहंडीला येतात.