साथीतला हंगाम कोणाचा?
21 एप्रिल 2021 आठवा. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्याच संध्याकाळी, संचारबंदीतल्या मुंबईत, रिकाम्या वानखेडेवर चेन्नई-कोलकाता सामना रंगला. खेळाडूच बाधित झाले, तेव्हा 4 मे रोजी आयपीएल थांबली. रणजी करंडक मात्र त्या हंगामात झालाच नाही. 1934 पासून प्रथमच. म्हणजे प्रक्षेपणाचा पैसा जिथं, तो हंगाम चालला. ज्यावर शेकडो खेळाडूंची घरं चालतात, तो बुडाला. घरात कोंडलेल्यांना विरंगुळा हवा होता, हे खरंच. पण खेळावं की नाही, एवढाच प्रश्न नव्हता. कोणाचा खेळ गरजेचा ठरला, हा होता. लिलाव बंद पडले की आधी कोण बुडतं, हे लासलगावला वेगळं सांगायला नको.