बुडाचे हमाम

गरम पाण्याच्या झऱ्याला कोकणात उन्हाळे म्हणतात. उन्हवरे, राजवाडी, तुरळ इथल्या कुंडांत अंग शेकलेले वाचक पुष्कळ असतील. तुर्कांनाही अशा पाण्याची मोठी ओढ. १५४१ मध्ये सुलतान सुलेमानने हंगेरीतील बुडा शहर घेतले, तेव्हा डॅन्यूब नदीच्या काठाला, डोंगराच्या पायथ्याशी हे झरे आयतेच मिळाले. पावसाचे पाणी चुनखडीच्या डोंगरात खोल मुरते, जमिनीच्या पोटात तापते आणि काठच्या भेगांतून कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार घेऊन वर येते. रोमन लोकांनीही ते वापरले होते.

नेहमीच्या तुर्की हमामात मोठा हौद नसतो. साचलेल्या पाण्यात उतरण्यापेक्षा वाहत्या पाण्याने अंग धुणे तहारतीला बरे. झऱ्याचे पाणी मात्र सतत येते आणि जाते, म्हणून तिथे हौद चालतो. १५६६ ते १५७८ या काळात बुडाचा पाशा असलेल्या सोकोल्लू मुस्तफाचा रुदास हमाम असाच आहे. आठ खांब, वर घुमट, खाली अष्टकोनी हौद. घुमटाच्या छिद्रांतून उजेड पाण्यावर पडतो. आज किराय म्हणतात त्या हमामाची गोष्ट आणखी मजेची. तिथे झराच नाही! शहराला वेढा पडला तरी तटाच्या आत आंघोळ चालू राहावी म्हणून पाणी दुरून नळाने आणले. लढाईच्या तयारीत गुस्लचाही हिशेब ठेवणारी ही माणसे!

१६८६ मध्ये बुडा तुर्कांच्या हातून गेले. मशिदी पडल्या, काहींची चर्चे झाली. एका कॅपुचिन चर्चच्या भिंतीत तुर्की धाटणीच्या खिडक्या अजून दिसतात. गुलबाबा या बेक्ताशी दर्वेशाच्या कबरीवरची इमारतही काही काळ ख्रिस्ती प्रार्थनागृह होती. झऱ्यांवरचे हमाम मात्र वापरात राहिले. गुडघे धरलेल्या माणसाला घुमट कोणी बांधला याच्याशी काय देणेघेणे? मशिदी गेल्याची खंत वाटते. पण १४५ वर्षांच्या राज्याची आठवण लोकांनी न्हाणीघरात जपली, याचे मला अधिक नवल वाटते.

रुदासचा जुना हमाम १९३६ पासून फक्त पुरुषांसाठी होता. २००५ च्या सुमारास दुरुस्ती झाली आणि स्त्रियांसाठी वेगळा दिवस ठेवला गेला. तुर्कांच्या गावोगावच्या हमामांत ही वेगळ्या दिवसाची रीत जुनीच होती.