राब
राब : (भाजावळ). भाताचा तरवा (रोपे) वाढविण्याची जमीन पेरणीपूर्वी भाजून काढण्याची कोकणातील परंपरागत पद्धत. अशा जमिनीस रत्नागिरी भागात दाढ म्हणतात. उन्हाळ्यात दाढीवर शेण, कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या), पातेरा व वाळलेले गवत यांचे थर रचून वर माती पसरतात आणि ते सावकाश जाळतात.

एकोणिसाव्या शतकात अनेक वन अधिकारी या पद्धतीस वनांची नासाडी मानीत. वने राखीव झाल्यावर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत कवळतोडीच्या हक्कावरून तंटे वाढले. १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढील हा एक प्रमुख प्रश्न होता. रत्नागिरीत सरकारी वने थोडी असल्याने कवळ व गवत मुख्यतः वरकस डोंगरउतारांवरून येई.

राबाचा लाभ फक्त राखेमुळे होतो, अशी सर्वसाधारण समजूत होती. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी १९०९ मध्ये दाखविले की, माती तापविल्यास ती अंशतः निर्जंतुक होते. नंतर उरलेले सूक्ष्मजंतू झपाट्याने वाढून अमोनिया अधिक निर्माण होतो. जंतुभक्षक आदिजीव नष्ट झाल्याने असे घडते, असे त्यांचे मत होते. ते पुढे पूर्णपणे टिकले नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान यांनी न. वि. जोशी व न. वि. कानिटकर यांच्यासह राबाचा अभ्यास करून १९१२ मध्ये तो प्रसिद्ध केला. जमीन तापण्याचाही राबाच्या लाभात मोठा वाटा असतो, असे त्यातून दिसून आले.

जांभ्या जमिनीत लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे फॉस्फरस धरून ठेवतात. राखेमुळे आम्लता घटून तो काही प्रमाणात मोकळा होतो, पोटॅशही मिळते. उष्णतेने तणांचे बी मरते. कोवळ्या रोपांना हा लाभ विशेष होतो.

तथापि जळताना गवत व शेण यांतील बहुतेक नायट्रोजन हवेत जातो. शिवाय दाढीची सुपीकता डोंगराच्या मोलाने मिळते : दरवर्षी पातेरा व गवत उचलल्याने तेथील मातीत कुजणारे द्रव्य घटते, मृदेतील जीवसृष्टी रोडावते आणि पुढील गवताची वाढ खुंटते. चारसूत्री पद्धतीत दाढीसाठी भाताच्या तुसाची काळी राख व लावणीच्या शेतात गिरिपुष्पाचा पाला वापरतात. त्यामुळे डोंगरावरील हा भार हलका होतो.