इंजिन बदललेली गाडी : अमेरिकन मसल कार आणि आपला पेण-रोह्याचा रस्ता

अमेरिकन मसल कार हा विषय आमच्या तरुण श्रोत्यांनी सुचवला. पेण-रोह्यात बसून डेट्रॉइटच्या गाड्यांवर काय बोलायचं, असं ज्येष्ठांपैकी काहींना वाटलं असेल. आपल्या तालुक्यातले विनोबा तर देशभर पायी फिरले! पण विषय वाटतो तितका परका नाही. थोडा धीर धरा.

आधी मसल कार म्हणजे काय ते बघू. मध्यम आकाराची, साधी, घरगुती गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवायचं. सुरुवात साधारण 1964 च्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून धरतात. जनरल मोटर्सचा तेव्हा स्वतःचाच नियम होता की मध्यम गाडीत 330 घनइंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. जॉन डेलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. टेंपेस्ट ही गाडी नियमात ठेवली आणि 389 घनइंचाचं, म्हणजे जवळजवळ 6.4 लिटरचं इंजिन ‘वरून घ्यायची वस्तू’ म्हणून यादीत टाकलं. सुमारे 295 डॉलर जास्त द्या आणि 325 अश्वशक्ती घेऊन जा. पहिल्याच वर्षी अशा 32,450 गाड्या खपल्या. त्याच सुमारास आपल्या कुर्ल्यात जी फियाट बनत होती तिचं इंजिन होतं 1.1 लिटरचं.

पेणकरांना ही यादीची युक्ती वेगळी समजावून सांगायला नको. आपल्या कारखान्यात साचा एकच असतो. मग एकाला फेटा हवा, एकाला पितांबराचा रंग वेगळा हवा, कुणाला खड्यांचं काम हवं. डोळ्यांची आखणी झाली की ती मूर्ती त्या घरची होते. डेट्रॉइटने हेच केलं. शिवाय कारखान्यातून गाडी बाहेर पडल्यावर गिऱ्हाईक स्वतःही तिच्यावर हात चालवायचं. ही सवय जुनी होती. 1930-40 च्या काळात कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड काढून, इंजिन खोलून, कोरड्या तळ्यांच्या पात्रात शर्यती लावत. जॉर्ज बॅरिससारखे कारागीर पत्रा कापून, छप्पर खाली घेऊन गाडीचं रूपच पालटत. टीव्हीवरची 1966 ची बॅटमोबाइल त्याच्याच गॅरेजातली.

या गाड्यांचं आकर्षण साठ वर्षं टिकलं ते आमच्या मते यामुळेच. नुसता वेग म्हणाल तर आजची साधी इलेक्ट्रिक गाडीही सिग्नलवरून त्यांना मागे टाकेल. पण ती उघडून तिच्यात आपल्याला काही करता येत नाही. जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की सगळं दिसतं, हात पोचतो, पाना बसतो.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. एसटी येण्याआधी कोकणात ‘सर्व्हिस मोटार’ असायची. हा शब्द आजही आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी सापडेल. त्यातल्या पुष्कळ गाड्या अमेरिकन जातीच्या होत्या, शेव्हरोले, फोर्ड, डॉज. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि पाठोपाठ फोर्डही आली. तिथून बस किंवा ट्रकसाठी मिळायची ती चासी, म्हणजे नुसता सांगाडा आणि इंजिन. वरची बॉडी इथले सुतार आणि लोहार बांधत. लाकडी चौकट, लाकडी बाकं, टपावर सामान. अमेरिकेत ज्याला हौसेची ‘कस्टम’ गाडी म्हणतात, तशी आपली प्रत्येक सर्व्हिस मोटार जन्मतःच होती. फक्त हौस सोडून द्या.

मग दुसरं महायुद्ध आलं, पेट्रोलवर रेशन आलं. गाडीच्या मागे एक उंच पिंप बसवलं, त्यात लाकडी कोळसा पेटवला आणि त्या धुरातला जळणारा वायू नळीने इंजिनात सोडला. निघण्यापूर्वी क्लीनरने हँडल फिरवून पंखा चालवायचा, घामाघूम व्हायचं. ताकद इतकी घटायची की चढावर उतारूंना खाली उतरावं लागे. पेण-रोह्याच्या डोंगरात कोळशाच्या भट्ट्या होत्याच, कातकरी कुटुंबं तिथे राबत आणि तो कोळसा मुंबईला जाई. डेट्रॉइटचं इंजिन आणि रानातला कोळसा! जगाच्या मोटार-इतिहासात या जोडीला चार ओळी मिळायला हव्यात, असं आम्हाला प्रामाणिकपणे वाटतं.

1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. सुरुवातीच्या ताफ्यात शेव्हरोले, स्टुडबेकर अशी अमेरिकन नावं बेडफर्ड, लेलँड यांच्या जोडीला होती. पण अमेरिकन कंपन्यांचा इथला मुक्काम संपत आला होता. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. जे कारखाने गाडी टप्प्याटप्प्याने इथेच बनवतील तेच राहतील, नुसती जुळणी करणाऱ्यांना जागा नाही, असं धोरण ठरलं. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. त्या वेळी देशाचे अर्थमंत्री कोण होते? आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख. उद्योग-व्यापार खातं टी. टी. कृष्णम्माचारींकडे होतं, त्यामुळे श्रेय किंवा दोष एकट्या चिंतामणरावांना देणं बरोबर नाही. पण परकीय चलनाची तिजोरी ज्या हातात होती तो हात रोहेकराचा होता.

वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापलेली प्रीमियर कंपनी मात्र क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात उभी राहिली होती. डॉज, प्लायमाउथ, फार्गो ही नावं तिच्यामुळे मराठी माणसाच्या ओळखीची झाली. पुढे तिथली मोटार म्हणजे फियाट असं समीकरण झालं. नवी अमेरिकन गाडी मिळणं जवळपास संपलं. होत्या त्या जुन्या, आणि वकिलातींच्या वापरून झालेल्या थोड्या, ज्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. म्हणजे अमेरिकेत मसल कार जोरात होती तेव्हा आपल्याकडे पंधरा-वीस वर्षं जुन्या डॉज आणि प्लायमाउथ टॅक्सी म्हणून भाडी मारत होत्या.

ऑक्टोबर 1973. अरब-इस्रायल युद्ध झालं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या आसपास गेला. अमेरिकेत विम्याचे चढे हप्ते आणि 1970 चा स्वच्छ हवेचा कायदा यांनी मसल कार आधीच लंगडत होती, तेलाने तिला बसवलं. जीटीओ 1974 नंतर बंद झाली.

आपल्याकडे गंमत उलटी झाली. मोठी अमेरिकन गाडी पेट्रोलवर परवडेना, पण आठ माणसं बसणारी मजबूत गाडी टाकवेना. डिझेल स्वस्त होतं. मग आमच्या मिस्त्रींनी तिचं भलंमोठं पेट्रोल इंजिन उतरवलं आणि डिझेल चढवलं. कधी पर्किन्सचं, पुढे मॅटाडोरचं. सांगायला एक वाक्य लागतं, पण काम किती! इंजिनाचं फाउंडेशन नवं वेल्ड करायचं. गिअरबॉक्स जुळत नाही म्हणून मध्ये लेथवर प्लेट कातून घ्यायची. प्रोपेलर शाफ्ट कापून लहान करायचा किंवा वाढवायचा आणि तो नीट तोलायचा, नाहीतर गाडी चाळीसच्या वेगाला थरथरते. डिझेलचं वजन वेगळं, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलायच्या. ड्रॉइंग नाही, मॅन्युअल नाही, मोजमाप बहुतेक वितीने आणि डोळ्यांनी. मसल कारमध्ये साध्या गाडीत मोठं इंजिन जातं. इथे मोठ्या गाडीत साधं इंजिन गेलं. हुन्नर तेवढाच. उलट आम्ही म्हणू, थोडा जास्तच, कारण कॅलिफोर्नियातल्या पोराला सुटे भाग कॅटलॉगमधून मिळत होते.

त्या गाड्या सुंदर चालत, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. धूर, दणके, आवाज. पण चालत होत्या, आणि चालत होत्या म्हणूनच भंगारात गेल्या नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. 1939 च्या मोटार कायद्याखाली परवानगी घेऊन असे बदल नोंदवता येत. 1988 च्या कायद्याचं कलम 52 पुढे कडक झालं, आणि जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. सीएनजीसारखी मान्य किट वेगळी. सुरक्षिततेचा विचार केला तर हे योग्यच आहे. रस्त्यावर कुणीही काहीही वेल्ड करून चालवावं असं आम्ही म्हणत नाही. पण जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले, ते पहा. गाडी 50 वर्षांहून जुनी हवी. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं. आणि अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणजे श्रीमंताच्या गॅरेजात कापडाखाली झाकून राहिलेली डॉज हा वारसा. जी डॉज वीस वर्षं उतारू वाहत राहिली, डिझेल चढवून जगली, ती वारसा नाही. अमेरिकेत जुन्या बॉडीत नवं इंजिन घातलेल्या गाडीला ‘रेस्टोमॉड’ म्हणून चढी बोली लागते!

आमचं मत स्पष्ट आहे. इंजिन बदललेली गाडी हाच आपला खरा मोटार-इतिहास आहे. तिला रस्त्यावर धावायची परवानगी नको असेल तर नको, पण बदलाच्या नोंदीसह जतन करायला एखादा वेगळा वर्ग असायला हवा.

शेवटी एका श्रोत्याने विचारलं, घरात जुन्या गाडीचं आरसी बुक आहे, गाडी कधीच विकली, त्याचा काय उपयोग? उपयोग मोठा आहे. पूर्वीच्या हाताने लिहिलेल्या पुस्तकांत इंधनाच्या रकान्यात पेट्रोल खोडून डिझेल केलेलं आणि शेजारी शिक्का व तारीख असलेली नोंद सापडू शकते. नवा इंजिन नंबर असला तर इंजिन कोणत्या जातीचं होतं तेही शोधता येतं. ती पानं फोनवर नीट उजेडात टिपून ठेवा, मूळ पुस्तक लॅमिनेट करू नका. पुढच्या व्याख्यानाला येताना घेऊन या, आपण एकत्र बसून वाचू.