माझगाव

माझगाव हा मुंबई शहराच्या पूर्व किनाऱ्यावरील जुना भाग आहे. ज्या सात बेटांपासून मुंबई घडली, त्यांपैकी माझगाव हे एक होय. उमरखाडी नावाची खाडी त्यास मुंबईच्या मुख्य बेटापासून अलग करीत असे. पुढे ती बुजवण्यात आली. हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड हे येथील रेल्वे स्थानक आहे.

नावाची उत्पत्ती 'मत्स्यग्राम' या शब्दापासून सांगितली जाते. 'माझे गाव' ही लोकव्युत्पत्ती कानाला गोड लागते. परंतु येथील मूळ रहिवासी कोळी होते हे पाहता पहिली अधिक सयुक्तिक वाटते.

इतिहास

पोर्तुगीज राजाने १५७२ मध्ये हे बेट डिसूझा घराण्यास वंशपरंपरेने दिले. १६३२ मध्ये येथे ग्लोरिया चर्च उभे राहिले. भायखळ्यातील आजचे ग्लोरिया चर्च मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी, जुनी वास्तू पाडल्यानंतर बांधलेले आहे.

इंग्रजांनी भंडारवाड्याच्या टेकडीवर लहानसा किल्ला बांधला होता. जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान याने १६८९ मध्ये मुंबईवर स्वारी केली तेव्हा तो त्याच्या हाती पडला. पुढील वर्षी परत जाताना सिद्दीने तो उद्ध्वस्त केला. टेकडीवर आता उद्यान असून त्याखाली दक्षिण मुंबईस पाणी पुरवणारा जलाशय आहे.

बंदर होण्यापूर्वी माझगाव बागाइताचे गाव होते, हे आज सांगून खरे वाटणार नाही. ताडवाडी, अंजीरवाडी, नारळवाडी ही स्थलनामे त्या बागांची आठवण देतात. भंडारवाडा हे नाव भंडारी समाजाचे. माझगावचा आंबा वर्षातून दोनदा फळत असे आणि तो शाहजहानच्या पंगतीस जात असे, अशी परंपरा आहे. टॉमस मूर या आयरिश कवीने 'लाला रूख' या काव्यात त्याचा उल्लेख केला आहे. त्या झाडांची जागा पुढे गोदामांनी व चाळींनी घेतली.

गोदी आणि वस्ती

१७७४ च्या सुमारास येथे जहाजांच्या दुरुस्तीसाठी एक सुकी गोदी बांधण्यात आली. माझगाव डॉक हा कारखाना याच गोदीतून वाढला. १९६० मध्ये तो भारत सरकारने ताब्यात घेतला व १९७२ मध्ये येथे बांधलेली 'निलगिरी' ही युद्धनौका नौदलात दाखल झाली. शेजारच्या भाऊच्या धक्क्याचे नाव तो बांधणारे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्यावरून पडले आहे. मोरा व रेवस येथे जाणाऱ्या लाँची तेथून सुटतात.

बंदराच्या आश्रयाने दूरदूरचे लोक येथे आले. इराणातून भारतात आलेले पहिले आगाखान हसन अली शाह १८८१ मध्ये निवर्तले. त्यांची समाधी माझगावच्या हसनाबाद येथे आहे. नवाब टँक रस्त्यावरील एका घराच्या वरच्या मजल्यावर १९१९ मध्ये स्थापन झालेले 'सी यूप कून' हे चिनी मंदिर असून त्यात क्वान कुंग या देवतेची पूजा होते. दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतातून आलेल्या खलाशी व गोदी कामगारांनी ते उभारले. १९६२ च्या युद्धानंतर भारतातील चिनी कुटुंबांवर संशयाची छाया पडली आणि येथील पुष्कळ कुटुंबे देश सोडून गेली. चिनी नववर्षाच्या दिवशी मात्र शहरातील उरलेली चिनी मंडळी येथे दर्शनास येतात.

म्हातारपाखाडी

म्हातारपाखाडी ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची वाडी आहे. 'पाखाडी' म्हणजे कोकणात दगडी फरसबंदीची वाट. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने व कौलारू छपरे हे येथील घरांचे वैशिष्ट्य होय. हा समाज घरी मराठीचीच एक बोली बोलत आला आहे. तेव्हा केवळ चर्च पाहून वाडीस परकी ठरवणे चुकीचे ठरेल.

लोकमान्य टिळकांचे सहकारी बॅरिस्टर जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा यांचा जन्म १८६४ मध्ये येथेच झाला. १९१६ मध्ये टिळकांनी स्थापन केलेल्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष होते. १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांनी भाग घेतला आणि १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. टेकडीवरील उद्यानास त्यांचेच नाव दिले आहे.

वारसा म्हणून वाडीची नोंद झाली असली तरी घरांची डागडुजी मालकांनाच करावी लागते. सागवान महाग, कुशल सुतार दुर्मीळ आणि वारस अनेक. त्यामुळे एखादे घर विकले गेले की त्या जागी बहुधा इमारतच उठते. गेल्या काही दशकांत वाडीच्या चोहोबाजूंनी अशा इमारती उभ्या राहिल्या आहेत.