मजकूर यंत्राचा की माणसाचा? ओळखण्याच्या खुणा आणि त्यांच्या मर्यादा

चॅटजीपीटी हा चॅटबॉट ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुला झाला. तेव्हापासून महाविद्यालयीन प्रकल्प, नोकरीचे अर्ज, भाषणे आणि प्रसिद्धिपत्रके यंत्राकडून लिहून घेण्याचा प्रघात वाढत गेला. हातातला मजकूर कोणी लिहिला, हा प्रश्न त्यामुळे शिक्षकांपुढे आणि संपादकांपुढे रोजच उभा राहतो. केवळ वाचून संशय घेता येतो. खात्री क्वचितच देता येते.

संशयाला जागा मिळते ती यंत्राच्या घडणीमुळे. चॅटबॉट प्रचंड मजकुरावरून शिकलेला असतो आणि आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, याचा हिशेब करीत वाक्य पुढे नेतो. साहजिकच त्याची भाषा मळलेल्या वाटेने चालते. त्याच्या शिकवणीत इंग्रजीचा वाटा फार मोठा असल्याने मराठी वाक्यालाही अनेकदा इंग्रजी वळण लागते. ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’, ‘हे लक्षात घेणे आवश्यक आहे’ अशी वाक्ये वारंवार भेटतात. परिच्छेद सारख्या लांबीचे, विशेषणे तीन-तीनच्या जुडीने आणि शेवटी ‘थोडक्यात’ म्हणून आधीचेच पुन्हा सांगणे, हाही नेहमीचा थाट. गावच्या जत्रेवर निबंध मागितला, तर ‘ही केवळ जत्रा नाही, तर संस्कृतीचा जिवंत वारसा आहे’ असे वाक्य हमखास मिळते. जत्रा कोणत्या तिथीला भरते, पालखी कोणत्या वाटेने जाते, खाजे विकणाऱ्यांची दुकाने कुठे मांडतात, हे मात्र त्यात नसते. तपशिलाची ही उणीव शब्दांच्या लकबींपेक्षा अधिक बोलकी असते. कधी चॅटबॉटचे प्रास्ताविकच मजकुरात राहून जाते. ‘नक्कीच, आपल्या विषयासाठी ही संभाव्य प्रस्तावना’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याने सुरू होणारा एक शोधनिबंध २०२४ मध्ये तसाच प्रसिद्ध झाला होता.

तरीही साचेबंद भाषा हा पुरावा ठरत नाही. ‘मान्यवरांच्या उपस्थितीत मोठ्या उत्साहात संपन्न’ हे शब्द वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत चॅटबॉटच्या जन्माआधी कित्येक वर्षे येत आहेत आणि ते माणसांनीच लिहिलेले आहेत. मार्गदर्शक पुस्तकांवरून निबंध शिकलेला विद्यार्थीही प्रस्तावना, मुद्दे आणि उपसंहार अशीच मांडणी करतो. शब्दांच्या वापरावरून काही अनुमान निघते, ते समूहाबद्दल. वैद्यकीय व जीवशास्त्रीय शोधनिबंधांच्या दीड कोटीहून अधिक सारांशांची छाननी करून, २०२४ मधील किमान १३.५ टक्के सारांशांवर यंत्राचा हात फिरला असावा, असा अंदाज २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. त्यांतला नेमका कोणता सारांश यंत्राचा, हे त्या पद्धतीने सांगता येत नाही.

यंत्रलिखित मजकूर पकडून देण्याचा दावा करणारी साधने याच ठिकाणी अडखळतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःच असे एक साधन आणले. कंपनीच्याच चाचणीत ते यंत्रलिखित मजकुरापैकी २६ टक्केच ओळखू शकले आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर यंत्राचा शिक्का मारून बसले. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात सर्वांनी प्रामाणिकपणे निबंध लिहिले, तरी या हिशेबाने पाच जण दोषी ठरतात. अचूकता कमी असल्याचे सांगून कंपनीने जुलै २०२३ मध्ये ते साधन मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. पुढचा शब्द जितका अपेक्षित, तितका यंत्राचा संशय अधिक, हे या साधनांचे मुख्य गणित. परक्या भाषेत मोजक्या, साध्या शब्दांत लिहिणारा त्यात नाहक सापडतो. मराठी किंवा कोकणी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट ठाऊक करून घेतलेली बरी, आणि त्याच्या शिक्षकाने तर अवश्य.

‘हे तूच लिहिलेस का?’ असे चॅटबॉटलाच विचारणेही व्यर्थ आहे. दुसऱ्यांसाठी लिहून दिलेल्या मजकुराची नोंद त्याला पाहता येत नाही. तो होय किंवा नाही म्हणतो, तेही शक्यतेच्या हिशेबानेच.

भाषेपेक्षा दाखले तपासणे अधिक फलदायी ठरते, कारण अस्तित्वात नसलेला ग्रंथ किंवा निवाडा चॅटबॉट खऱ्यासारखाच सांगतो. न्यूयॉर्कमधील दोन वकिलांना अशा बनावट निवाड्यांपायी जून २०२३ मध्ये पाच हजार डॉलरचा दंड झाला. गोवा ज्याच्या अधिकारक्षेत्रात येतो, त्या मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले निवाडे मुळात नव्हतेच. नाव, वर्ष आणि पृष्ठ घेऊन मूळ ग्रंथापर्यंत जाण्याची जुनी रीत इथे कोणत्याही साधनापेक्षा उपयोगी पडते. अर्थात दाखला खोटा निघाला, तरी लेखनात कसूर झाली एवढेच सिद्ध होते. ती यंत्राची की माणसाची, हे त्यावरून ठरत नाही.

उरतो तो लेखक. कच्चा खर्डा, टिपणवही, गूगल डॉक्समध्ये राहणारा दुरुस्त्यांचा इतिहास हे सारे त्याच्याकडून मागता येते. समोर बसवून ‘हा मुद्दा कोठून घेतला, हा शब्द का वापरला’ असे विचारल्यास स्वतः लिहिणारा अडखळत का होईना, काही सांगू लागतो. मात्र ही विचारणा निकालपत्रावर शेरा मारण्याआधी व्हावी लागते.